चौथी टीम

दूध पावडर, कंडेन्स्ड मिल्कचा डबा, चमचाभर तूप. मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचं, काढून ढवळायचं, पुन्हा ठेवायचं. गोळा कडा सोडायला लागला की वेलदोड्याची पूड. इथे पेढे असेच होतात, खव्याचं नाव काढायचं नाही.

*

वारा दक्षिणेचा असेल तर मुलांना टोप्या कानांवर ओढायला सांगा. उत्तरेचा असेल तर सांगा, की उंच उडालेला चेंडू वाटतो तिथे पडणार नाही.

*

"बाबा, प्लीज. डोन्ट येल शाब्बास."

*

एक तुळस. आधी काशिनाथच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत होती, मग श्यामच्या, मग सरलाच्या. कुंडी तीच, निळी.

*

हजर खेळाडू सातांपेक्षा कमी असल्यास पंधरा मिनिटे थांबावे. नंतर सामना समोरच्या टीमला द्यावा.

*

चंद्रशेखरने घर रंगवायला काढलं. बाहेरून, सबंध.

*

हे सगळे तुकडे एकाच गोष्टीचे आहेत, आणि ते जुळवायला फार अक्कल लागत नाही. ज्याने ते जुळवायला हवे होते तो माणूस त्या वेळी लोअर हटमधल्या नदीकाठच्या मैदानावर, गुडघ्यापर्यंत भिजलेल्या पँटने, रेषा मारायचं यंत्र ढकलत होता.

त्याचं नाव यशोधन पारसनीस. वेलिंग्टनला एका सरकारी खात्यात सॉफ्टवेअर तपासायच्या कामावर होता. म्हणजे दुसऱ्याने बांधलेली वस्तू कुठे आणि केव्हा मोडेल ते आधी ओळखायचं, याचाच त्याला पगार. रोज वॉटर्लू स्टेशनवरून ट्रेन धरायची, बंदराच्या बाजूची खिडकी पकडायची, आणि ऑफिसात जाऊन दिवसभर लोकांच्या कामात खोट काढायची. माणूस हुशार. त्याबद्दल कुणाला शंका नव्हती, त्याला तर नव्हतीच.

बेसबॉलशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. पुण्याला असताना गल्लीत क्रिकेट खेळला तेवढाच; त्याचा बॅटिंगचा नंबर यायच्या आत नेहमी अंधार पडायचा. पण मुलगी होती, अनुष्का. ऑकलंडच्या वर अल्बनीत राहत होते तेव्हा ती एका क्लबात बेसबॉल खेळायची. पिचर होती, म्हणजे मधल्या मातीच्या उंचवट्यावर उभं राहून समोरच्या बॅटवाल्याकडे चेंडू फेकणारी. २०१२च्या सुरुवातीला यशोधनला वेलिंग्टनची नोकरी लागली, बिऱ्हाड लोअर हटला आलं, आणि मुलगी गप्प झाली. रुसली नाही, आदळआपट केली नाही. गप्प.

"शाळा कशी आहे गं?"

"फाइन."

"मैत्रिणी झाल्या का?"

"हीप्स."

त्या ढीगभर मैत्रिणींतली एकही कधी घराच्या दारात दिसली नाही. हटमध्ये सॉफ्टबॉल होता, जुना, तालेवार. पण त्यात चेंडू कमरेखालून फेकतात. अनुष्काने एकदा कुंपणाबाहेरून पाहिलं आणि "नॉट माय आर्म" म्हणून गाडीत येऊन बसली.

तेव्हा यशोधनने तिला शब्द दिला. बायको मृणालिनीसमोर, जेवणाच्या टेबलावर. आता इथून हलायचं नाही. इथेच राहायचं, आणि तुझा बेसबॉल मी इथे उभा करतो.

अनुष्का म्हणाली, "ओके."

*

लीग उभी करायची म्हणजे काय, ते ऐका. कुणाला वाटेल बॅट लागते. बॅट सगळ्यात शेवटी लागते.

आधी एक असा माणूस लागतो ज्याला नाही म्हणता येत नाही. मग मैदान. मैदान कौन्सिलचं, उन्हाळ्यात त्यावर पहिला हक्क क्रिकेटचा, कारण क्रिकेट तिथे शंभर वर्षांपासून आहे. नवीन खेळाला जागा हवी तर निदान चार टीम दाखवा, आणि सीझनभर चार टिकवा. तीन झाल्या की मैदान परत. ह्यात कुणाचं वाईट मन नव्हतं. मैदानं वाटणाऱ्या बाई फोनवर फार गोड बोलायच्या.

मग कोच. कोच म्हणजे कुणाची तरी आई किंवा बाप, ज्याला पोलिसांकडून पडताळणी करून घ्यायची लाज वाटत नाही. मग अंपायर: ज्यांचा सामना नाही त्यांनी उभं राहायचं आणि शिव्या खायच्या. मग ड्रॉ, कोण कुणाशी कधी खेळणार. मग सॉसेज भाजायची पाळी, हेल्मेटं धुवायची पाळी, शेडची किल्ली. लहान मुलांच्या लीगमध्ये प्रत्येक मुलाला बॅट मिळते, मग ते कितीही ढ असो. आणि एका इनिंगमध्ये पाच धावा झाल्या की पुरे, समोरच्यांना रडवायचं नाही. नियम दयाळू असतात. माणसांचं तसं नसतं, पण ते पुढे.

सगळ्यात महत्त्वाचं: मुलं टीमांमध्ये वाटायची कशी.

यशोधनच्या जोडीला हेमी होता. हेमी माओरी, वाईनुईओमाताचा, घरात तीन पिढ्या सॉफ्टबॉल. पण धाकट्या मुलाला बेसबॉलचं वेड लागलं म्हणून हा इकडे. अंगाने कपाट, आवाज मांजराचा. २०१४च्या ऑगस्टमध्ये दोघं क्लबरूमच्या हीटरजवळ बसून मुलं वाटत होते. वाईनुई, स्टोक्स व्हॅली, पिटोनी अशा तीन टीम हेमीने आपल्या ओळखीतून जमवल्या होत्या. चौथी यशोधनची. वॉटर्लू किआ. किआ म्हणजे इथल्या डोंगरातला आगाऊ पोपट. नाव मुलांनीच ठेवलं.

"तुझी मुलं पसर, ब्रो," हेमी म्हणाला. "प्रत्येक टीममध्ये थोडी थोडी. माझी थोडी तुझ्यात घे."

"आमचे लोक असे येणार नाहीत, हेमी. एकत्र ठेवली तर घरंच्या घरं येतील. आज्या येतील. डबे येतील."

"डबे मला चालतील." हेमी हसला. "पण एकत्र आले तसे एकत्र गेले तर?"

"आमची माणसं अशी सोडून जात नाहीत."

हेमीने खांदे उडवले. "स्वीट ॲज." म्हणजे इथलं 'चालेल'.

आणि अशी ती टीम झाली. मराठी मंडळातल्या सहा घरांची मुलं, एका कागदावर, एका रंगाच्या टोप्यांत. गाड्या आपापसांत वाटून घ्यायच्या. चंद्रशेखरकडे आठ सीटांची गाडी होती, अर्धी टीम त्यातच यायची. पहिल्या सरावाला चंद्रशेखरच्या बायकोने साबुदाणा वडे आणले. यशोधनने मैदानाकडे पाहिलं, वड्यांकडे पाहिलं, आणि त्याला वाटलं, जमलं.

खरं म्हणजे त्याला ते आदल्या सीझनलाच वाटलं होतं. तेव्हा लीग म्हणजे नुसती दर शनिवारी जमणारी, खेळायला येईल त्याला घेणारी गर्दी होती. एका सामन्यात चेंडू उंच उडाला, वाऱ्याने भरकटला, तीन मुलं त्याखाली धावली, आणि मधूनच एक आवाज आला: "आय गॉट इट! आय गॉट इट! माझा!" मैदान दणाणलं. यशोधन इकडेतिकडे बघायला लागला, कुणाची पोर एवढी ओरडतेय. त्याची होती.

त्या "माझा" साठी हा सगळा खटाटोप. लीगबिग हे सांगायला. त्याला तो आवाज दर शनिवारी हवा होता, आणि त्यासाठी चार टीम हव्या होत्या.

*

आता एक रीत सांगायला हवी, तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आपल्यात काम होईपर्यंत बोलत नाहीत. मुलाखत दिली, बोलायचं नाही. घर बघितलं, बोलायचं नाही. दिवस गेले, तीन महिने बोलायचं नाही. नजर लागते असं आता कुणी म्हणत नाही, सगळे इंजिनियर आहेत, म्हणतात, "एकदा फायनल होऊ दे." फायनल झालं की पेढे घेऊन दारात. तोवर तोंडावर विचारलंत तरी "छे, कुठे काय!" हे खोटं धरत नाहीत. ही काळजी असते. समोरच्यालाही ते ठाऊक असतं, तोही तसंच करतो.

आणि ज्या घरांना इथला पासपोर्ट मिळतो, त्यांना ऑस्ट्रेलियाचं दार उघडं असतं. व्हिसा नको, परवानगी नको. सामान भरायचं आणि जायचं.

यशोधनला दोन्ही गोष्टी माहीत होत्या. त्याने त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या एवढंच.

*

ऑक्टोबर. पहिला शनिवार. डोंगरावर गॉर्सची काटेरी झुडपं पिवळी पेटलेली. किआ विरुद्ध पिटोनी. जिंकलो. अनुष्का पिचर, सलोनी कॅचर.

सलोनी म्हणजे सरला आणि प्रकाशची मुलगी. बॅटवाल्याच्या मागे उकिडवं बसून, तोंडावर जाळी चढवून, पिचरचा चेंडू पकडायचं काम तिचं. पिचर आणि कॅचर ह्यांचं एक वेगळंच असतं. कॅचर बोटांनी खूण करते, पिचर मान हलवते, आणि बाकीच्या मैदानाला पत्ता नसतो. सलोनी आल्यापासून अनुष्काच्या फोनवर रात्रंदिवस टिंग टिंग वाजायचं. ती घरी यायची. दोघी जमिनीवर पालथ्या पडून इंग्रजीत खुसखुसायच्या. मृणालिनी दारातून बघायची आणि आवाज न करता परत फिरायची.

दुसरा शनिवार. स्टोक्स व्हॅली. हरलो, पण चुरशीने. सामना संपल्यावर मंडळातला श्याम डगआउटमध्ये आला, म्हणजे खेळाडू बसतात त्या बाकाशी. हातात डबा.

"घे, तोंड गोड कर."

"कशाचे रे?"

"ॲडलेडला झालं काम. चौदा तारखेला निघतोय."

"ह्या चौदाला?" यशोधनचा हात डब्यातच राहिला. "अरे, सीझन आत्ता सुरू झालाय. तुझ्या पोराला मी शॉर्टस्टॉपच्या जागी उभं केलंय."

"त्याचं काय, दुसरा कुणी लाव. घे ना, दोन घे."

तिसरा शनिवार. पाऊस. सामना रद्द. काशिनाथ ऑस्ट्रेलियाला जाताना श्यामकडे ठेवून गेलेली तुळस त्या आठवड्यात श्यामच्या खिडकीतून सरलाच्या खिडकीत गेली.

चौथा शनिवार. मंडळाची दिवाळी. अध्यक्ष चंद्रशेखर. नाटुकल्याची तालीम सकाळी ठेवली, वेलिंग्टनच्या हॉलमध्ये. यशोधनने आठवडाभर आधी हात जोडले होते.

"अरे शेखर, सकाळी सामना आहे."

"एक शनिवार रे! तुझा बेसबॉल काय पळून चाललाय?"

मैदानावर पाच मुलं आली. पंधरा मिनिटं थांबले. सामना वाईनुईला दिला. सामना सोडायची ही पहिली खेप. दुसऱ्या खेपेला टीम ड्रॉमधून बाद, हा नियम यशोधननेच लिहिला होता. कुणी मुलांना ताटकळत ठेवू नये म्हणून.

पाचवा शनिवार. सामना नव्हता, सुट्टी होती. बेल वाजली.

दारात सरला, मागे प्रकाश. सरलाच्या हातात डबा नव्हता. निळी कुंडी होती. डबा प्रकाशच्या हातात होता.

*

"मेलबर्न," प्रकाश म्हणाला.

"बसा ना," यशोधन म्हणाला.

"नाही, अजून तीन घरं करायचीत."

मृणालिनीने कुंडी घेतली, आत नेली, पाणी घातलं. सरलाचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "यशोधनभावजी, रागावू नका. सांगणार होते हो, पण ह्यांचं ऑफर लेटरच परवा आलं." पुढे म्हणाली, "सलोनीला तिथे मोठा क्लब आहे. बेसबॉलचाच." चांगल्या मनाने म्हणाली.

यशोधनने विचारलं, "कधी?"

"पुढच्या शुक्रवारी. शाळा संपायची वाट बघत बसलो तर तिथलं घर जातं."

पुढच्या शुक्रवारी. म्हणजे शनिवारी सलोनी नाही.

अनुष्का जिन्यावर उभी होती. यशोधनने तिच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, आता ही कोसळणार. ती खाली आली, प्रकाशकाकाच्या डब्यातला एक पेढा घेतला, "कॉन्ग्रॅट्स," म्हणाली, आणि वर गेली.

त्याला नवल वाटलं. तिथेच थांबला असता तर बरं. पण तो लगेच बोटं मोजायला लागला होता. उरले आठ.

*

आठांतला एक क्रिकेटकडे गेला. उरले सात. सात म्हणजे काठावर. एकाला ताप आला की संपलं.

यशोधनने कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, दुधाच्या फ्रिजवर चिठ्ठी लावली. शाळेच्या न्यूजलेटरमध्ये चार ओळी घातल्या. ऑफिसात ज्यांना मुलं होती त्यांना चहा पाजला. उन्हाळ्यात कोण रिकामं असतं? कुणी टच रग्बी, कुणी पोहायला. एक मुलगा आला, जँडल्स, म्हणजे रबरी चपला घालून, एक चेंडू अडवला, पाय हुळहुळला, आणि पुन्हा दिसला नाही.

मग तो हेमीकडे गेला. हेमी शेडमध्ये हेल्मेटं पुसत होता.

"तुझी दोन मुलं मला दे, हेमी. सीझनपुरती."

"आता कसं देऊ, ब्रो? ड्रॉ लागल्यावर मूल हलवायचं नाही, हा तुझाच नियम. आणि मी आईबापांना काय सांगू?" त्याने हेल्मेट उलटं केलं, आतला घाम पुसला. "तू तुझी मुलं आम्हा तिघांत वाट. मुलं खेळतील."

"मग टीम तीन राहतील. मैदान जाईल."

"हो."

"मग?"

हेमीने हेल्मेट फळीवर ठेवलं. मग म्हणाला, "ऑगस्टमध्ये सांगितलं होतं." आणि लगेच, "सॉरी. तसं नव्हतं म्हणायचं."

तसंच म्हणायचं होतं, आणि त्यात गैर काही नव्हतं.

*

सातांतले दोन चंद्रशेखरचे. जुळे, पुरुषोत्तम आणि कृष्णा, आजोबा-पणजोबांची नावं. शाळेत पीजे आणि क्रिस. ही दोन टिकली तर टीम टिकते. टीम टिकली तर मैदान. मैदान टिकलं तर निदान शनिवार. सलोनी नसली तरी दुसरी कुणी तयार होईल. यशोधन ट्रेनमध्ये बसून हे मनात पुन्हा पुन्हा घोळायचा.

शेवटी तो चंद्रशेखरच्या घरी गेला. घराला अर्धा नवा रंग लागला होता. चंद्रशेखर शिडीखाली उभा राहून रंगवणाऱ्याला सूचना देत होता.

"या पारसनीस साहेब! लीगचे कर्तेधर्ते! चहा?"

"चहा नको. शेखर, एक विचारतो, सरळ सांग."

"विचार की."

"तू जाणार आहेस का?"

"कुठे?"

"ऑस्ट्रेलियाला."

चंद्रशेखर हसला. मोठ्याने, पोट धरून. शिडीवरच्या माणसानेही खाली पाहिलं. "अरे वेड लागलंय का तुला? मंडळाचा अध्यक्ष मी, घर रंगवतोय, आणि जाऊ कुठे?"

"माझ्यासाठी महत्त्वाचं आहे म्हणून विचारतोय. तू जाणार असशील तर आत्ता सांग. मी काहीतरी वेगळं करीन, मुलं वाटून टाकीन, कौन्सिलशी बोलेन. अजून वेळ आहे."

"यश्या," चंद्रशेखरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कुठे जाणार नाही. जा, तुझ्या पोरांचा सराव घे."

यशोधन घरी आला तो शीळ घालत आला. त्याने मैदानं वाटणाऱ्या बाईंना मेल केली की वॉटर्लू किआ पूर्ण सीझन खेळणार, खात्रीने सांगतो. दुसऱ्याने बांधलेल्या वस्तूत खोट काढणारा माणूस. अर्धं रंगवलेलं घर डोळ्यांनी बघून आला होता. इथे घर कधी रंगवतात हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. विकायच्या आधी.

*

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार. किआ विरुद्ध पिटोनी.

वारा दक्षिणेचा, गार. यशोधनने सकाळीच रेषा मारल्या होत्या, त्या सरळ आल्या होत्या. पाच मुलं वेळेवर आली. आठ सीटांची गाडी आली नाही. तिच्याऐवजी चंद्रशेखरची छोटी गाडी आली, तीत तो एकटा. उतरला, मागचं दार उघडलं, डबा काढला.

यशोधनने डबा पाहिला आणि खाली बसला. खरोखर बसला, पहिल्या बेसजवळच्या गवतात.

"पर्थ," चंद्रशेखर म्हणाला. "काल संध्याकाळी फायनल झालं. मोठी गाडीही विकली रे. पोरं घरी सामान भरतायत..."

"मी तुला विचारलं होतं."

"हो."

"तोंडावर विचारलं होतं, शेखर."

"अरे मग?" चंद्रशेखरच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, खरंच नव्हती, थोडी चीड होती, समजूतदार माणसाला समजावून सांगावं लागतंय ह्याची. "सांगितलं असतं आणि काम झालं नसतं तर? चार लोकांत तोंड काय दाखवलं असतं? तू असतास तर तू सांगितलं असतंस?"

यशोधन उठला आणि पँटला चिकटलेलं गवत झटकू लागला.

अंपायर पिटोनीच्याच एका मुलीची आई होती. तिने घड्याळ पाहिलं, पाच मुलांकडे पाहिलं, आणि पंधरा मिनिटं सुरू केली. कुणी येणार नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. ती मुद्दाम रेंगाळली. शेवटी हात वर केला आणि सामना पिटोनीला दिला. दुसरी खेप.

पिटोनीचा कोच सभ्य माणूस होता. म्हणाला, मुलं आलीच आहेत तर गंमत म्हणून खेळू. आमचे दोन-तीन घ्या. पण तुमची कॅचर?

"मी बसतो," यशोधन म्हणाला.

कुणी काही म्हणायच्या आत त्याने सलोनीची जाळी तोंडावर चढवली. पट्टा लहान पडला. तो बॅटवाल्याच्या जागेमागे उकिडवा बसला, गुडघे कडकडले, मोठ्या ग्लोव्हचा हात पुढे केला. अनुष्का उंचवट्यावर उभी होती. तिने टोपी ओढली, बापाकडे पाहिलं, आणि चेंडू टाकला.

हळू. मांजराच्या पिलाला खाऊ टाकावा तसा. चेंडू कमान करून आला आणि ग्लोव्हात पडला.

"जोरात!" यशोधन ओरडला. "नेहमीसारखा!"

तिने दुसरा टाकला. तोही हळू.

"अनू, नेहमीसारखा टाक!"

"यू कान्ट कॅच इट, बाबा," ती म्हणाली. रागाने नाही. ज्या आवाजात म्हाताऱ्या माणसाला जिना उतरताना हात देतात त्या आवाजात.

मग बॅटवाल्या पोराने तिसरा चेंडू उंच मारला. तो वाऱ्यावर गेला, अनुष्काच्या डोक्यावरच आला. यशोधनने जाळीतून श्वास रोखला. अनुष्काने वर पाहिलं, एक पाऊल मागे घेतलं, आणि चेंडू झेलला. तोंडातून अक्षर काढलं नाही.

*

दुपारी घरी वरण-भात, कोबीची भाजी. मृणालिनी फार्मसीतली अर्धी पाळी करून आली होती. टेबलाच्या मधोमध चंद्रशेखरचा डबा. कुणी उघडला नव्हता.

"पर्थ ना?" मृणालिनी म्हणाली.

यशोधनने मान वर केली. "तुला कसं माहीत?"

ती भात वाढत राहिली.

"मृणाल. तुला कसं माहीत?"

"त्याची बायको बोलली होती. गणपतीत."

"सप्टेंबरात?"

"शपथ घातली होती, यशोधन. मी काय करणार?"

"आणि सरलाचं?"

"तेही."

"मी रोज रात्री इथे, ह्याच खुर्चीवर बसून तुझ्यासमोर टीम लावत होतो."

"मला वाटायचं, तुला आतून कळलंय. कळूनही तू... मला वाटायचं, तू मुद्दाम बघत नाहीयेस." मृणालिनीने चमचा खाली ठेवला. "निदान हिच्यासमोर तरी मी कसं बोलणार होते? हिला वाईट वाटलं असतं."

"आय न्यू," अनुष्का म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"सलोनी टोल्ड मी इन ऑगस्ट. शी सेड डोन्ट टेल." तिने भातात वरण कालवलं. "पीजे अँड क्रिस ऑल्सो टोल्ड मी. इट्स ओके, बाबा."

म्हणजे पहिल्या शनिवारी जिंकलो तेव्हा तिला माहीत होतं. सलोनी बोटांनी खूण करायची, ही मान हलवायची, तेव्हा थोडेच दिवस उरलेत हे दोघींनाही माहीत होतं. जिन्यावरून उतरून पेढा घेतला तेव्हा ती कोसळली नाही, कारण ती आधीच, केव्हातरी, एकटीने, वरच्या खोलीत ते आवरून आली होती. मैदानावरची सगळी मुलं एकमेकांना विचारून बसली होती, कोण कधी जाणार. मोठी माणसं काय करतात ते मुलांना बरोबर कळलं होतं आणि त्यांनी तसंच केलं होतं. जो माणूस रेषा मारायचा त्याला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

"मग खेळलीस कशाला?" यशोधनने विचारलं. 

अनुष्काने थोडा विचार केला. "यू वर हॅपी," ती म्हणाली.

मृणालिनी उठून सिंककडे गेली आणि नळ सोडला. धुवायला काही नव्हतं.

अनुष्काने ताट बाजूला केलं. "सो," ती म्हणाली, "व्हेन आर वी गोइंग?"

"कुठे?"

"ऑस्ट्रेलिया."

"आपण? आपण कुठेच जाणार नाही." यशोधनने तिचा हात धरला. तो हात उजवा होता, फेकायचा. तळव्याला चेंडूच्या शिवणीचे घट्टे पडले होते. "ऐक माझं. तुला शब्द दिलाय मी. आपण कुठेही जाणार नाही, अनू. देवाशपथ."

तिने हात सोडवून घेतला नाही. त्याच्याकडे नीट पाहिलं, काळजीने, आणि मान हलवली, कॅचरची खूण कळल्यावर हलवायची तशी.

"या," ती म्हणाली. "एव्हरीवन सेज दॅट."

"अगं, मी खरं सांगतोय."

"आय नो. इट्स फाइन. आय वोन्ट टेल एनीवन."

ती वर गेली. दार लावलं, हळूच. फोनची टिंग वाजली नाही.

यशोधन टेबलाशी बसून राहिला. नळ चालूच होता. त्याने नंतर तिला अनेकदा सांगून पाहिलं. ख्रिसमसला सांगितलं, तिच्या वाढदिवसाला सांगितलं, पुढल्या वर्षी घराच्या कर्जाचा व्याजदर आणखी काही वर्षांसाठी बांधून घेतला तेव्हा कागद समोर धरून सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, "शेखरकाका पेंटेड हिज हाउस." जितकं जास्त सांगायचा तितकी ती जास्त समजुतीने मान हलवायची. तिने नवीन मैत्रिणी केल्या नाहीत. भिंतीवर काही लावलं नाही. खेळायला पुन्हा गेली नाही. पुस्तकं ती खोक्यातच ठेवायची, म्हणजे ऐन वेळी धावपळ नको.

सामन्यानंतरच्या मंगळवारी मेल आली. मैदानं वाटणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं, की कळवताना वाईट वाटतं, तुम्ही फार मेहनत घेतलीत, जानेवारीपासून मैदान क्रिकेटला दिलं आहे. हेमीने आपल्या टीमची मुलं सॉफ्टबॉलला नेली. त्याने अनुष्कालाही विचारलं. शेडची किल्ली यशोधनने त्याच्याच हातात दिली. हेमीने त्याला मिठी मारली, कपाळाला कपाळ लावलं, आणि दोघं थोडा वेळ तसेच उभे राहिले. 

२०१२च्या ऑगस्टमध्ये, अनुष्काला शब्द दिल्यानंतर पाच महिन्यांनी, यशोधनने ऑफिसच्या मागच्या जिन्यात उभं राहून ब्रिस्बेनच्या एका कंपनीला फोनवर मुलाखत दिली होती. त्याने घरी सांगितलं नव्हतं. त्याची निवड झाली नाही.